साहेब रांगेत उभे राहिले तो दिवस

बाकीच्या मुली चौदा-पंधराव्या वर्षी मोठ्या होतात. मी पन्नाशी उलटल्यावर झाले, आणि तेही लंडनजवळच्या हॅरोमध्ये, एका प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात, केसांना जाळी लावून. त्याआधी काय करत होतीस असं कुणी विचारलं तर सांगते, आधी वडिलांच्या घरात होते, मग साहेबांच्या. दोन्हीकडे खाण्यापिण्याची ददात नव्हती, पण ‘तुला काय वाटतं’ असं विचारायची पद्धत नव्हती. त्यामुळे मोठं व्हायचं काम तसंच पडून राहिलं. नात बाराखडीऐवजी एबीसीडी शिकत होती, तिच्या जोडीला बसून मी ते उरकलं. तारुण्याबद्दल लिहा म्हणतात, तर माझं तारुण्य हे असं आहे. उशिरा आलं, पण आलं ते चांगलं खणखणीत.

साहेब म्हणजे आमचे हे. अख्खा तालुका साहेब म्हणायचा म्हणून मीही म्हणायला लागले, वेगळी हाक मारायला वेळ कुणाला होता? तीनदा आमदार झाले, चौथ्यांदा पडले. पहिल्यांदा तिकीट मिळालं ते कर्तृत्वावर नव्हे, हे मी आज लिहून टाकते. आधीच्या आमदारांचं वरच्या मंडळींशी बिनसलं, आणि दूधसंघाचा अध्यक्ष म्हणून यांचा फोटो कुणाच्या तरी टेबलावर समोरच पडलेला होता. पुढे दोनदा पक्ष बदलला. दोन्ही वेळा विचारसरणीसाठी बदलला, असं ते भाषणात सांगायचे. मला त्यातलं एवढंच आठवतं की आमच्या गोठ्याच्या भिंतीवरचं जुनं चिन्ह चुना मारून पुसायचं काम माझ्याकडे होतं, आणि पावसाळ्यात चुना धुपून दोन्ही चिन्हं एकावर एक दिसायला लागायची. विधानसभेत ते कमी बोलले. एकदा पुलाचा प्रश्न लावून धरला. तो पूल अजून आहे, नदीच्या अलीकडच्या बाजूपुरता. एकदा राज्यमंत्री होता होता राहिले. शपथविधीसाठी पुण्याहून बंद गळ्याचं, सुपारीच्या रंगाचं जाकीट शिवून आणलं होतं. यादीतून नाव गळलं आणि जाकीट डांबराच्या गोळ्यांसकट कपाटात गेलं. हे जाकीट लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

ते आमदार असतानाचं आमचं घर म्हणजे एसटी स्टँडच. दारात चपलांचा ढीग, आतल्या शेगडीवर चहाचं पातेलं सकाळी चढायचं ते झोपेपर्यंत उतरायचं नाही. साखर आधीच घातलेली, कारण आमदाराच्या घरी बिनसाखरेचा मागणारा माणूस विरोधकांचा समजायचे. सभेच्या दिवशी पिठलं, भाकरी, ठेचा, आणि निवडून आल्याच्या दिवशी रस्सा, तोही असा की परातीत हात पोळावा. पुरुष ओसरीवर साहेबांभोवती, बायका मागच्या दाराने माझ्याकडे. कुणाची सून नांदत नाही, कुणाच्या घरात नळ आला नाही, कुणाचा नवरा पितो, हे सगळं चुलीपाशी कळायचं आणि ते मी जेवताना साहेबांच्या कानावर घालायची. संक्रांतीला गावोगाव माझं हळदीकुंकू असायचं. कार्यकर्ते म्हणायचे, साहेबांची अर्धी मतं वहिनींची. मला ते अर्ध्याहून जास्त वाटायचं, पण बोलत नसे.

आणि साहेबांचा फोन. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे फोनवरच, कारण ते असायचे मुंबईला, नाहीतर नागपूरला, नाहीतर ‘आत्ताच निघालेत’. वृषाली, आमची एकुलती एक, बारावीला केंद्रात पहिली आली, मी फोन लावला. ते म्हणाले, “छान, छान. इथे माणसं थांबलीत, ठेवतो.” माझं पित्ताशय काढलं, शुद्धीवर आल्यावर दवाखान्यातून मीच फोन लावला. “काळजी घे,” म्हणाले, “इथे माणसं थांबलीत, ठेवतो.” मी कधी रागावले नाही. खरंच थांबलेली असायची माणसं. मागून त्यांचे आवाज यायचे.

मग ते पडले. पडलेल्या आमदाराच्या घरात सगळ्यात आधी बंद होतो तो चहा. दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने पातेलं चढवलं, आणि दुपारी सगळा चहा म्हशीच्या आंबोणात ओतला. दाराशी चपलांचे दोनच जोड, एक त्यांचा आणि एक माझा. पक्षाच्या वरच्या मंडळींकडे गेले तर ती म्हणाली, जरा विश्रांती घ्या, लेकीकडे जाऊन या, पुढच्या वेळी तिकिटाचं बघू. या ‘बघू’वर साहेब पुढची पाच वर्षं जगले. वृषाली तेव्हा लग्न होऊन हॅरोला होती, नोकरीला रोज मेट्रोपॉलिटन लाइनने लंडनमध्ये जायची. जावई ब्रॅकनेलला एका सॉफ्टवेअर कंपनीत. नात इरा दीड वर्षाची होती, तिला सांभाळायला मी गेले ती राहिलेच. साहेब व्हिजिटर व्हिसावर यायचे, सहा महिने राहायचे आणि ‘मतदारसंघ मोकळा सोडता येत नाही’ म्हणून परत जायचे. मतदारसंघाने त्यांना मोकळं सोडलं होतं, पण ते कोण बोलणार.

मला राहता आलं त्याचीही एक गंमत आहे. माझे वडील डॉक्टर, तरुणपणी लीड्सच्या हॉस्पिटलात होते, आणि मी जन्मले तिथलीच. तीन वर्षांची असताना आई मला घेऊन परत आली ती आलीच. शिकले मी अकरावीपर्यंत, तेवढ्यात लग्न. तर वृषालीने तो लीड्सचा जन्मदाखला कुठून तरी शोधून काढला, कागद लावले, आणि मला ब्रिटिश पासपोर्ट मिळवून दिला. राहायलाही मोकळी, काम करायलाही मोकळी. साहेबांना फोन करून सांगितलं तर बराच वेळ गप्प. मला वाटलं, बायको परदेशी झाली म्हणून वाईट वाटलं असेल. मग म्हणाले, “म्हणजे आपलं एक मत गेलं.”

वृषालीचं घर हॅरोमधल्या बाकीच्या घरांसारखंच, शेजारच्या घराला खांदा चिकटवून उभं. सकाळी आधी बॉयलर घरघरायचा, मग वृषालीच्या उंच टाचा जिन्यावर, मग जावयांची गाडी, मग इराचं रडणं कारण मोजा टोचतोय. फोडणी द्यायची तर आधी स्वयंपाकघराचं दार लावायचं, नाहीतर जिन्यातला स्मोक अलार्म मोहरीच्या आधी तडतडायचा. तिथे साहेब येऊन काय करणार? त्यांनी दरबार भरवला. शनिवारी पुढच्या खोलीत मोठ्या खुर्चीत बसायचे आणि वर्क व्हिसावर आलेली पुण्या-नागपूरची पोरं खरा आमदार बघायला यायची. कुणाचा घरमालक डिपॉझिट देत नव्हता, कुणाला पार्किंगचा दंड झालेला. साहेब सगळं ऐकून घ्यायचे, मान हलवायचे, म्हणायचे, “बघतो, सांगतो कुणालातरी.” सांगायला कुणी नव्हतं, पण पोरं खूश होऊन जायची, कारण त्यांचं इतकं शांतपणे ऐकून घेणारं त्या देशात दुसरं कुणी नव्हतं. एकदा आमचा कचऱ्याचा चाकवाला डबा चोरीला गेला. वृषालीने कौन्सिलला फोन करून नवा मागवला. तो आला त्या दिवशी साहेबांनी दरबारात सांगितलं की प्रश्न मार्गी लावला.

इरा शाळेत जायला लागली आणि माझी दुपार मोकळी झाली. शाळेच्या फाटकावर कागद लावलेला, डिनर लेडी पाहिजे. तिथे दुपारच्या जेवणाला डिनर म्हणतात, आणि ते मुलांना वाढणारी ती डिनर लेडी. माझं इंग्रजी तेव्हा रेडिओवरून आणि इराच्या चित्रांच्या पुस्तकांतून उचललेलं, म्हणजे हवामान आणि अस्वलं यांवर मी बरं बोलू शकत होते. वृषाली म्हणाली, आई, जा तर खरी. शाळेच्या हेड मिसेस बार्कर, उंच, किडकिडीत, सतत घड्याळ बघणाऱ्या. त्यांनी विचारलं, पुष्कळ माणसांना एकदम वाढायचा काही अनुभव? मी म्हटलं, आहे. किती माणसांना? मी म्हटलं, साध्या दिवशी पन्नास-साठ, निवडणुकीच्या दिवसांत कधी पाचशे. त्यांनी पेन खाली ठेवलं. माझं मोठं केटरिंग होतं असा त्यांचा समज झाला, आणि तो खोडून काढण्याइतकं इंग्रजी मला येत नव्हतं.

त्या स्वयंपाकघरात मी काय काय शिकले. मुख्य होती मॉरीन, आयर्लंडची, माझ्याच वयाची, गुडघे गेलेले, आणि सगळ्यांना ‘लव्ह’ म्हणायची, ओव्हनलासुद्धा. जॅकेट पोटॅटो म्हणजे सालासकट भाजलेला बटाटा, त्यावर बीन्स. फिश फिंगर सोमवारी नाही, शुक्रवारी. पुडिंगवर कस्टर्ड, पिवळंधमक, मोठ्या पळीने. ठीक बाराला हॉलचं दार उघडलं की आधी बुटांचा आवाज, मग ताटल्यांचा, मग तो कालवा, आमच्या बाजाराच्या दिवसासारखा, फक्त सगळे विक्रेते पाच-सहा वर्षांचे. सुरुवातीला मी आमच्या रीतीने वाढायची, म्हणजे पोराने नको म्हटलं तरी एक पळी जास्त. मॉरीनने मला बाजूला घेऊन सांगितलं, लव्ह, इथे नो म्हटलं की नो. मला दोन दिवस झोप आली नाही. पाहुण्याचं ‘नको’ खरं मानायचं, ही कल्पनाच माझ्या घरात कुणी कधी मांडली नव्हती. मग हळूहळू मीही घरी एकदोनदा ‘नको’ म्हणून बघितलं. चालतं की.

हे सगळं साहेबांना ठाऊक नव्हतं. लपवलं असं म्हणता येणार नाही. वृषालीला माहीत, जावयांना माहीत, इराला तर मीच ताट वाढायची. साहेबांना एवढंच दिसायचं की अकरा वाजता ही बाहेर पडते आणि दोन वाजता येते. कुठे, हे विचारायची त्यांना सवय नव्हती. आणि मीही आपणहून सांगत नव्हते, कारण सांगितलं की ते मोडणार हे मला पक्कं माहीत होतं. निवडणूक वर्षभरावर आली होती. तिकीट मिळालं तर बॅगा भरून मला परत जायचं होतं, ओसरीमागच्या त्या चुलीपाशी. तालुक्यात सगळे हेच धरून चालले होते, साहेबही. मला स्वतःशीसुद्धा मोठ्याने म्हणवत नव्हतं, पण मला जायचं नव्हतं. तिकीट मिळू नये असं वाटायचं आणि मिळावंही असं वाटायचं, कारण तिकिटाशिवाय साहेब कसे दिसतात ते मी रोज बघत होते.

तर एका संध्याकाळी जेवताना इरा म्हणाली, “आजोबा, स्कूलचा कस्टर्डमध्ये लंप्स असतात. इट्स डिसगस्टिंग.” लंप्स म्हणजे गुठळ्या. तिला आपलं सहज बोलायचं होतं. पण मी बघितलं, साहेबांचा घास हातात थांबला आणि डोळ्यांत जुनं काहीतरी आलं. आमच्याकडे आमदाराचा हा ठरलेला कार्यक्रम असतो. न सांगता शाळेत जायचं, पोषण आहाराच्या खिचडीत चमचा घालायचा, तोंड वाकडं करायचं, हेडमास्तरला चार लोकांसमोर झापायचं, की दुसऱ्या दिवशी पेपरात. साहेब त्यात तरबेज होते. त्यांनी इराला विचारलं, ही तक्रार किती दिवसांची आहे? ती म्हणाली, फॉरेव्हर. वृषालीने माझ्याकडे बघितलं, मी वरणाकडे.

दुसऱ्या दिवशी ते काही करतील असं आम्हाला वाटलं नव्हतं. मी आपली मेजामागे उभी, कस्टर्डची पळी हातात, आणि हॉलच्या दारातून साहेब आत आले. अंगात शपथविधीचं जाकीट, बॅगेच्या तळाशी घालून आणलेलं. डांबराच्या गोळ्यांचा वास ग्रेव्हीच्या वासाला कापत पुढे आला. शाळेचं फाटक बंद असतं, बझर दाबून नाव सांगावं लागतं, पण कुणी आई बाहेर पडत होती, तिने या भल्या म्हाताऱ्यासाठी दार धरलं, आणि हे नमस्कार करून आत. मागे कुणी नसलं तरी मागे चौघं असल्यासारखे चालायचे, तसे चालत आले. रांगेतल्या मुलांना हात जोडले. दोन-तीन गुजराती पोरांनी परत जोडले, त्यामुळे त्यांना बरंच वाटलं.

मिसेस बार्कर धावत आल्या. आपल्याला काय हवंय, असं त्यांनी विचारलं. साहेबांनी ठेवणीतला इंग्रजी शब्द काढला. “इन्स्पेक्शन,” म्हणाले.

हा शब्द त्या देशातल्या शाळेत उच्चारायचा नसतो. सरकारी तपासनीस येणार म्हटलं की तिथल्या हेडबाईंची झोप उडते, आणि यांनी तो शब्द भर जेवणाच्या वेळी, जाकीट घालून उच्चारला. मिसेस बार्कर पांढऱ्या पडल्या. मॉरीनने ओव्हनच्या उघड्या दारावरचा करपलेला ट्रे पायाने आत ढकलला. मग बाईंना सुचलं आणि त्यांनी ओळखपत्र मागितलं. साहेबांनी खिशातून आमदारकीचं जुनं कार्ड काढलं, फोटोत मिशी काळी. बाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं, आणि त्यांचा आवाज बदलला. शाळेत अनोळखी माणूस शिरलाय, हे आता त्यांच्या लक्षात आलं होतं. तुम्ही माझ्याबरोबर ऑफिसात चला, असं त्या अगदी हळू, पण फार स्पष्ट म्हणाल्या. साहेबांना वाटलं, चहाला बोलावतायत. आधी पाहणी, म्हणाले, आणि रांग ओलांडून सरळ कस्टर्डच्या पातेल्याकडे आले, चमच्यासाठी हात पुढे करून.

“आजोबा, नो पुशिंग इन,” इरा रांगेतून ओरडली. “तू रांगमध्ये उभा राहा.”

साहेब थबकले. आणि मग त्यांनी वर बघितलं. हिरवा ॲप्रन, केसांना जाळी, हातात पळी, आणि त्यांची बायको. मला वाटतं, पहिल्यांदा त्यांनी मला ओळखलंच नाही. मग ओळखलं. आमच्या दोघांमध्ये ते पातेलं वाफाळत होतं.

मिसेस बार्करनी मला नावाने हाक मारून विचारलं, तू यांना ओळखतेस का? हॉल गप्प झाला होता, म्हणजे दोनेकशे पोरं गप्प झाली होती, हे मी त्याआधी आणि नंतर कधी ऐकलेलं नाही. साहेब माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर ती निकालाच्या दिवशीची कळा होती, शेवटची पेटी बाकी असतानाची. तीस वर्षं लोकांनी माझी ओळख करून दिली ती ‘या साहेबांच्या मिसेस’ अशी. मला माझं स्वतःचं नाव ऐकायला या हॉलमध्ये यावं लागलं होतं.

“येस,” मी म्हटलं. “ही इज विथ मी.”

मिसेस बार्करनी कार्ड परत दिलं. मग त्यांना आधी वहीत सही करावी लागेल, म्हणाल्या. साहेबांनी सही केली, आमदाराची, लांबलचक, खाली दोन टिंबं. ऑफिसातल्या बाईंनी त्यांच्या जाकिटावर गोल स्टिकर चिकटवला, व्हिजिटर म्हणून. ज्या जागी मंत्रिपदाचा बिल्ला यायचा होता तिथेच. मॉरीन मला म्हणाली, मग सांग त्याला ट्रे घ्यायला, लव्ह. आणि साहेब रांगेत उभे राहिले, पहिलीच्या वर्गामागे, हातात निळा ट्रे, एकेक पाऊल पुढे सरकत. त्यांची पाळी आल्यावर मी विचारलं, “कस्टर्ड?” ते म्हणाले, “थोडं.” मी थोडंच घातलं. मग ते इराशेजारी त्या बुटक्या बाकावर बसले, गुडघे कानाशी, आणि सगळं संपवलं. उठताना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “गुठळ्या आहेत.”

कस्टर्ड त्या दिवशी मॉरीनचं होतं. हे इथे लिहून ठेवते, कारण साहेब आत्ता शेजारच्या खोलीत बसलेत, हे प्रकरण वाचणार आहेत, आणि गेली वीस वर्षं ते माझ्यावर घालतायत.

दोन वाजता बाहेर आले तर ते फाटकाशी उभे. स्टिकर अजून जाकिटावर. झेब्रा क्रॉसिंगपाशी आल्यावर म्हणाले,

“किती दिवस चाललंय हे?”

“दुसरं वर्ष.”

“मला सांगितलं नाहीस.”

“तुम्ही विचारलं नाहीत.”

एक गाडी आमच्यासाठी थांबली, त्यांनी तिलाही हात जोडले. मग म्हणाले, “तिकडे कळलं तर छापतील. आमदारांच्या पत्नी लंडनमध्ये हॉटेलात भांडी घासतात.”

“हॉटेल नाही, शाळा आहे. आणि भांडी मशीन घासतं.”

“परक्या पोरांना वाढतेस.”

“तुमचे कार्यकर्ते कुठे माझ्या पोटचे होते? ही पोरं निदान थँक यू म्हणतात.”

घर येईपर्यंत एवढंच. मला वाटलं, आता घरात आरडाओरडा होईल. झाला नाही. पण त्या दिवसापासून एक बदल झाला, तो मी कुणाला सांगितला नाही. मी दोन वाजता आले की ते पेपर बाजूला ठेवून विचारायचे, “आज काय होतं?” मी सांगायची, मॅकरोनी चीज. ते मान हलवायचे, जशी दरबारात हलवायचे तशी. बघतो, सांगतो कुणालातरी, एवढंच म्हणायचं राहायचं.

उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा सुरू झाली आणि आठवड्याभरात फोन आला. तिकीट. साहेब फोन ठेवून उठले तर दहा वर्षांनी लहान झालेले, जिना दोन-दोन पायऱ्या चढत वर. तालुक्यातून एकामागून एक फोन सुरू झाले, आणि प्रत्येकजण साहेबांच्या अभिनंदनानंतर एकच विचारायचा, वहिनी कधी येतात? बायकांच्या बैठका लावतो. पण इकडे मॉरीनचा गुडघा त्याच आठवड्यात बदलायचा होता आणि मिसेस बार्करनी मला बोलावून सांगितलं होतं, ही टर्म, म्हणजे नाताळपर्यंत, किचन तुझ्याकडे. मला आयुष्यात कुणी काही सोपवलं होतं ते पहिल्यांदा. साहेबांना हे मी रात्रीच्या जेवणाआधी सांगायचं ठरवलं होतं, पण ते आधीच बॅगा काढून जिन्यात उभे.

“बॅगा भर,” म्हणाले.

“तुमची भरते. माझी नाही.”

“म्हणजे?”

“मॉरीनचा गुडघा आहे. किचन माझ्याकडे दिलंय. हाफ टर्मची सुट्टी पडली की येते.”

त्यांनी वृषालीकडे बघितलं. तिने फ्रिजवरचं कॅलेंडर पाहून हळूच सांगितलं, बाबा, हाफ टर्म मतमोजणीनंतर आहे.

“असं कर,” साहेब मला म्हणाले, “तुझ्या हाफ टर्मसाठी मतदान पुढे ढकलायला सांगतो.”

“ओळख असेल तर बघा सांगून.”

जावई हसू दाबायला बाथरूममध्ये गेले. साहेब जिन्याच्या पायरीवर बसले. मला त्यांचा राग परवडला असता, ते तसे बसले ते बघवेना. हळू आवाजात म्हणाले, “तू नसलीस तर पडेन मी. हे काय तुला ठाऊक नाही?” आणि मला ठाऊक होतंच, तीच तर माझी पुंजी होती इतकी वर्षं. मला वाटलं, आता मी हो म्हणणार. जीभ तयारही झाली होती. मग मला ते हॉलमधलं सगळं आठवलं, पोरं, ताटल्या, नो म्हटलं की नो.

“लोक विचारतील तर काय सांगू?” साहेबांनी विचारलं.

“खरं सांगा. नोकरीला आहे, रजा मिळाली नाही.”

“आमदाराच्या बायकोला रजा मिळत नाही?”

“अजून तुम्ही आमदार कुठे आहात?”

ते एकटे गेले. विमानतळावर इराला तेवढं उचललं. पुढचे दिवस मी कस्टर्ड ढवळत काढले. पहिल्या दिवशी बटाटे कच्चे राहिले, दुसऱ्या दिवशी ग्रेव्ही इतकी दाट की पळी उभी राहिली. घरी आलं की वृषाली तालुक्यातल्या बातम्या सांगायची. बैठका फिक्या जातायत म्हणे. मग एकदा तिचा चुलतभाऊ फोनवर हसत हसत म्हणाला, काका आता सभेत सांगायला लागलेत. काय? तर म्हणे, आमच्या मिसेस विलायतेत शाळेत पोरांना जेवायला वाढतात, नोकरीला आहेत, सरकारी माणसासारखी रजा टाकता येत नाही. आणि मग कस्टर्डची पाहणी केली ती गोष्ट, रांगेत उभे राहिले ती, नातीने झापलं ती, सगळी साग्रसंगीत. लोक पोट धरून हसतायत. बायका तर दुसऱ्या गावच्या सभेला येतायत ती गोष्ट ऐकायला. कुठल्याच निवडणुकीत जे जाकीट बाहेर आलं नव्हतं ते घालून, स्टिकर दाखवून सांगतायत. मी म्हटलं, स्टिकर अजून आहे? तो म्हणाला, इस्त्रीवाल्याला बजावून ठेवलंय.

मतमोजणीच्या दिवशी तिकडे संध्याकाळ, इकडे डिनरची वेळ. ऑफिसातल्या बाई धावत आल्या, इंडियाहून फोन आहे. मी हात पुसत गेले. आधी नुसताच ताशा ऐकू आला. मग साहेब.

“आलो गं. निवडून आलो. मागच्या तीनही वेळांपेक्षा जास्त फरकाने.”

मी खरं सांगते, मला पहिल्यांदा राग आला. माझ्याशिवाय? आणि जास्त फरकाने? इतकी वर्षं मी समजत होते की तालुका माझ्या हळदीकुंकवावर उभा आहे. तोही उभा राहिला आणि साहेबही. मग तो राग ओसरला आणि मला एकदम हलकं वाटलं, जसं बाजारातून येताना अर्ध्या वाटेत कुणी हातातली पिशवी घ्यावी. आता मला कुणी बोलावणार नव्हतं. आता गेले तर मला जायचं म्हणून जाणार होते.

साहेब सांगत होते. कुठल्या गावात किती आघाडी, कुठल्या पेटीला धाकधूक, कोण रडलं. इतका वेळ ते फोनवर माझ्याशी लग्नाआधीही बोलले नव्हते, लग्नानंतर तर नाहीच. मलाही ऐकायचं होतं. पण ऑफिसच्या काचेतून हॉल दिसत होता. दार उघडलं होतं, रांग लागली होती, आणि पळी पातेल्यात तशीच उभी होती.

“अहो,” मी म्हटलं, “अभिनंदन. इथे पोरं थांबलीत, ठेवते.”

तिकडे ताशा वाजत राहिला. मग साहेब हसले, आणि म्हणाले, “ठेव, ठेव. येतायत मला त्यांचे आवाज.”

मी फोन ठेवला, हात धुतले आणि मेजामागे जाऊन उभी राहिले. पहिला एक लाल केसांचा, पुढचे दात पडलेला. त्याने ट्रे वर केला आणि संशयाने विचारलं, लंप्स आहेत का? मी म्हटलं, बघ तूच. त्या दिवशी कस्टर्ड माझं होतं.